बुडबुडे निघून जाईपर्यंत

चंद्रपूरच्या एका सोनोग्राफी केंद्रात रंजीता मांडीवरच्या बाळाला थोपटत बसली होती. शेजारी सिंदेवाहीकडचं जोडपं, मुखरू आणि रुखमाबाई. मुखरूच्या लिव्हरवर डाग दिसला होता. तो साधा की वाईट, हे आज कळणार होतं.

"रोशनची माय, तू आत येऊ नको," मुखरू बायकोला म्हणाला.

"काऊन?"

"डाक्टर नसेत बारीक बुडबुडे सोडते. वरून पातळ साल असते त्याइले. मशिनीचा आवाज लागला का फुगते, आकसते, मंग डाग उजळून दिसते."

"मंग?"

"तो आवाज कानाले आयकू बी येत नाई. तुहा तं धानाच्या बांधीच्या पल्याड जाते. सारे फुटून जातीन!"

"मी काऊन बोलीन?"

"हे बोल्लीस ना!"

रुखमाबाईनं तोंडाला पदर लावला. मुखरू आत जाऊन तपासणी आटोपून बाहेर आला, तरी पदर तसाच. त्या शांततेत रंजीताचं बाळ झोपून गेलं.

शेवटी डॉक्टर आले. "बाई, डाग साधा आहे. घाबरू नका."

रुखमाबाईनं पदराआडूनच मुखरूच्या पोटाकडे बोट केलं.

"बुडबुडे? ते केव्हाच श्वासातून निघून गेले."

पदर खाली आला. "बसा इथी. सकाळपासून लय बोलाचं राह्यलं हाय."

मुखरू बसला. डोळे पुसत म्हणाला, "बोल."