विमानात बसायचं नाही

हॅलो?… हो आई, इझ्झाच बोलतेय. कुठवर आलात?… ताद्दर्त मागे पडलं? म्हणजे तिश्काचा घाट चढताय. बाबा पालथेच आहेत ना, तुझ्या मांडीवर?… हसू दे टॅक्सीतल्या लोकांना! मान वर करू देऊ नकोस. फाटलेला पडदा जागेवर दाबून धरायला डॉक्टरांनी डोळ्यात वायूचा बुडबुडा भरलाय. तो विरेपर्यंत असंच…

उलटी? किती वेळा?… अगं, त्यांना गाडी कधी लागत नाही… डोकं दुखतंय की डोळा?… डोळाच? कधीपासून?… पुदिन्याचा चहा नको गं, आई, ऐक ना…

कसला आवाज तो? काय फुटलं?… चिप्सचं पाकीट? आपोआप?… हो, हो, माहितेय, उंचावर पाकिटं फुगतात, त्यात काय…

आई… गाडी थांबव. थांबव म्हणते ना! अगं, बाबांच्या डोळ्यातला बुडबुडापण तसाच फुगत असणार!… डॉक्टर म्हणाले होते, विमानात बसायचं नाही. आणि मी हसले. म्हटलं, आमच्या गावाला खेचर जातं, विमान कुठलं… मीच बसवलं गं तुम्हाला टॅक्सीत. मीच.

ड्रायव्हरला फोन दे… लहसनभाऊ? गाडी मागे वळवा, खाली मराकेशला चला… काय? माथा चारच वळणांवर? पुढे उतारच आहे?… अहो, एक वळणसुद्धा नको! त्यांचा दुसरा डोळा साखरेच्या आजारानं कधीच गेलाय. हा एवढाच उरलाय… बाकीच्यांना म्हणावं, मला शिव्या द्या, माझ्या सासरच्यांनापण द्या… वळवताय? अल्ला तुमच्या आईबापांवर रहम करो.

आई, थेट दवाखान्यात या. मी आत्ता निघते, दारातच उभी राहते. सुईनं वायू काढतील, मग ठीक होईल… रडत नाहीये मी. बाबांना दे.

बाबा?… हो, मूर्ख आहे मी. ओरडा, हवं तेवढं ओरडा… गाढवीणपण आहे… दुखायचं कमी झालं का जरा?… बरं. बरं झालं…

काय म्हणालात?… अंधार? हा बोगदा कधी केला म्हणून विचारताय?…

बाबा… त्या घाटात बोगदा नाहीये.

हॅलो?… हॅलो!