वाहून गेलेली पेरूची बाग

मेकाँग नदीतल्या बेटाच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट बघत हान्ह बसली होती. दवाखान्यातली पाळी संपवून ती घरी निघाली होती. शेजारी एक म्हातारं जोडपं होतं, पायाशी चूल आणि कढई. काल बेटाचा काठ खचून त्यांचं स्वयंपाकघर नदीत गेलं होतं, एवढं तिला त्यांच्या बोलण्यावरून कळलं.

“सेन, खाली प्रवाहात नवं बेट वर आलंय. बघून आलो मी.”

“बघा हो. तुमचे डोळे, तुमची नदी.”

“अगं, ती माती आपलीच आहे, आपल्या पेरूच्या बागेतली. इथून उचलली, तिथे नेऊन टाकली.”

“मग पेरूही तिथेच असतील. जा, वेचून आणा.”

“थट्टा करू नकोस. गवत उगवलंय तिथे. पुढेमागे झाडंही लावता येतील.”

“आणि मग तेही खचेल. मागच्या खेपेला हेच म्हणाला होतात. तेव्हा माझे केस काळे होते.”

“लेकीकडे काय करू मी? चौथ्या मजल्यावर घर तिचं. खिडकीतून नुसत्या भिंती. नदी नखभरसुद्धा दिसत नाही.”

“म्हणूनच तर चाललेय मी.”

म्हातारा खालच्या प्रवाहाकडे बघू लागला.

“तुम्ही थांबणार असाल तर चूल ठेवून जाते.”

बोट लागली. त्याने चूल उचलली, तिच्यावर कढई ठेवली आणि तो सेनच्या मागोमाग चढला. हान्हने सरकून दोघांना जागा दिली. सेन नदीकडे पाठ करून बसली. तो कठडा धरून उभाच राहिला.

“बसा आता. पाय दुखतील.”

“आपलं बेट दिसेनासं झालं की बसतो.”