एका काट्याचे दोन

हॅलो?… कोण?… अरे, तू! पाच महिन्यांनी आईची आठवण झाली?… दुकानातच आहे. सकाळपासून फक्त घड्याळंच बोलताहेत माझ्याशी.

…डोळे? कुणाचे डोळे? तुझे पणजोबा, आजोबा, वडील, तिघांनीही डोळ्याला भिंग लावून याच टेबलावर घड्याळं दुरुस्त केली. आपल्या घराण्यात डोळ्यांचं दुखणं कधी… बरं, बोल. मध्ये बोलत नाही.

हं… तुझी लेक. दोन-दोन दिसतं म्हणाली… आणि तू लगेच डॉक्टरांकडे नेलंस?… हो, हो, ऐकतेय. बुबुळाचा फोटो… रंगीत नकाशा. निळं ते सपाट, लाल तो उंचवटा. पुढे?

चारपैकी पहिली पायरी? फक्त पहिली? मी तिला याहून हुशार समजत होते… काय? आकडा वाढला की डोळा बिघडतो? असं उलटं कोण मोजतं!… बरं, बरं. आणि उपाय?… थेंब घालून वर प्रकाश सोडतात… डोळे चोळायचे नाहीत… आणि तिथेच थांबेल? नक्की?… हुश्श.

तुझाही फोटो? तो कशाला?… घराण्यात असू शकतं म्हणून… दुसरी पायरी?… बुबुळाची जाडी चारशे तीस? चारशे तीस काय?… मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले चारशे तीस. अरे, मनगटी घड्याळाची काच याच्या दुप्पट जाड असते!… पातळ होऊन पुढे आलंय. म्हणजे काच वेडीवाकडी फुगली, की आतला काटा…

…कधीपासून म्हणाले डॉक्टर?… पुन्हा सांग… तुझ्या सोळा-सतराव्या वर्षापासून असणार.

हातातलं घड्याळ खाली ठेवते जरा.

तेव्हाच तू म्हणाला होतास, "आई, मला एका काट्याचे दोन दिसतात." आणि मी… नाही, मला बोलू दे. गिऱ्हाइकाचं घड्याळ बिघडवून वर बहाणे करतोस, खोटारडा आहेस, असं मी चारचौघांत म्हटलं. त्यानंतर तू या टेबलाला हात लावला नाहीस… "जाऊ दे" म्हणू नकोस. गेलेलं नाही ते. बत्तीस वर्षं इथेच बसलंय, तुझ्या स्टुलावर.

थांब. फोन कानाला धरून ठेव… अहो मास्तर! शिलाई राहू द्या, जरा रस्ता ओलांडून या… समोरचे टेलरमास्तर. त्या दिवशीच्या चौघांपैकी हे तेवढे उरलेत… या. तुमच्यादेखत मी माझ्या मुलाला खोटारडा म्हटलं होतं, आठवतं?… आठवतं ना. मग आता हेही ऐका. तो खरं बोलत होता. खोटी मी पडले.

…ऐकलंस?… मास्तरांनीही ऐकलं. आता तुझ्या नावावर तो खोटेपणा राहिला नाही…

रडतोस काय एवढा घोडा होऊन?… अरे, चोळू नकोस! डॉक्टरांनी आत्ताच सांगितलंय ना? रुमाल घे. हलक्या हाताने टीप… हो… मीही तेच करतेय. ठेवते.