चेहरा राहिला की!

मी मूळची मिरजेची. वडील दवाखान्यात कंपाउंडर होते त्यामुळे स्पिरिटचा वास मला माहेरचाच, आणि लग्नानंतर ह्यांना इकडे इंग्लंडात, रीडिंग गावच्या हॉस्पिटलात नोकरी लागली तशी मीही ट्रेनिंग घेऊन रक्त काढायच्या कामाला लागले, बावीस वर्षं झाली, इथल्या अर्ध्या लोकांचं रक्त मी काढलंय, शीर सापडत नसली की अजून मलाच बोलावतात, खोटं नाही सांगत. मुग्धा आमची एकुलती एक. आणि सोयॉन तिची बायको. आता कसं सरळ तोंडातून निघतं बघा, पण काय सांगू तुम्हाला, लग्न झाल्यावरही सहा महिने निघत नव्हतं.

सोयॉन कोरियाची, देगू शहरातली, इथे सॉफ्टवेअरमध्ये. आधी दोघी नुसत्या एकत्र राहायच्या, मग गेल्या उन्हाळ्यात रजिस्ट्री ऑफिसात रीतसर लग्न केलं, आम्ही दोघं गेलो, अक्षतासुद्धा नेल्या होत्या, पण इथल्या मराठी मंडळात कुणी विचारलं की मी म्हणायचे, फ्लॅटमेट आहे मुग्धाची. हे एकदा म्हणाले, अगं, फ्लॅटमेटच्या लग्नात रडत होतीस होय, मी म्हटलं तुम्ही गप्प बसा.

सोयॉनकडे कोरियातल्या पेपरच्या कात्रणांची एक फाईल आहे, शाळेपासून जपलेली. एकदा शेजारी बसून तिनं मला वाचून दाखवली. जुन्या कात्रणांत ह्या दोघींसारख्या माणसांची बातमी म्हणजे एक तर पोलीस नाहीतर रोग. मग पुढे पुढे माणूस बोलायला लागतो पण नाव खोटं, तोंड पुसट केलेलं, टीव्हीवर तर म्हणे आवाजसुद्धा बदलायचे. आणि अलीकडची काही, थोडीच आहेत, पण खऱ्या नावानं, घरमालकानं घर नाकारलं, ऑफिसनं काढून टाकलं, आणि लिहिणाऱ्याचा सूर असा की चूक घरमालकाची आहे. ती म्हणाली, आई, पंधरा वर्षांची होते तेव्हा मला वाटायचं आमच्यासारख्यांना चेहराच नसतो. मी उठून दाण्याचं कूट करायला घेतलं.

तर संक्रांत आली. लग्नानंतरची पहिली, म्हणजे काळी साडी आणि हलव्याचे दागिने आलेच, आणि इथे नव्या नवऱ्या दोन! मी महिनाभर कामावरून आले की हलवा गुंफत बसायचे, दोन हार, दोन बिंद्या, दोन मंगळसूत्रं, दोन्ही सारखी, एकीचं रेसभर कमी नाही. हळदीकुंकू ठेवलं त्याच शनिवारी सोलच्या एका पेपरची पत्रकार मुलगी आली, परदेशात संसार थाटलेल्या कोरियन बायकांवर तिला लिहायचं होतं, कारण त्यांच्याकडे असं लग्न कायद्यात बसत नाही. पोरगी गोड होती, पण फोटो कसले काढतेय तर हातांचे, बांगड्यांचे, पाठमोऱ्या अंबाड्यांचे. मी म्हटलं, अगं बाई, चेहरा राहिला की! ती वाकून वाकून सांगते, नाही, आमच्यात असंच काढतात, ह्यांना त्रास नको म्हणून. माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, आमच्याकडे असे फोटो बुरखा घालून आणलेल्या चोरांचे छापतात, माझ्या पोरींनी काय चोरी केलीय? मुग्धा म्हणते, आई, तू का ओरडतो? तिचं मराठी असंच आहे.

तेव्हा सोयॉन हळूच म्हणाली, माझ्या आईनं शेजारीपाजारी सांगितलंय की मुलगी लंडनला अजून शिकतेय. चेहरा छापला तर तिला बाजारात जाता येणार नाही. दर रविवारी फोन करते, तो बंद होईल, एवढंच आहे माझ्याकडे तिचं.

खरं सांगते, लाज वाटली, तिच्या आईची नव्हे, माझी. कारण चार वाजता मंडळातल्या बायका हळदीकुंकवाला यायच्या होत्या आणि मी मनात तयारच ठेवलं होतं, सांगायचं की पोरींनी हौस म्हणून दागिने घातलेत. मग बेल वाजली. सगळ्या आत आल्या, बसल्या, आणि मी उभी राहून म्हटलं, ही माझी लेक, ही तिची बायको, पहिली संक्रांत आहे, दोघींना कुंकू लावा. कुणी हलेना हो. शेवटी जोशीकाकू गुडघे धरत उठल्या, आमच्यातल्या सगळ्यांत मोठ्या, सोयॉनला कुंकू लावलं आणि म्हणाल्या, हिला सून म्हणायचं की जावई ते मागाहून ठरवू, आधी तिळगूळ घे बाई. एकजण वाण न घेता गेली. जाऊ दे.

सोयॉन सगळं बघत होती. तिनं त्या पत्रकार मुलीला बोलावलं आणि म्हणाली, काढ, समोरून. नाव खरं घाल. मी विचारलं, आणि रविवारचा फोन? तर पदर सारखा करून ती कॅमेऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.

लेख आला. दोघी समोरून, मध्ये मी, आणि खाली छापलेलं, पत्नी. मैत्रीण नाही, पत्नी! पण फोन दोन रविवार आला नाही. आणि कोरियात म्हणे लेखाखाली लोक वाट्टेल ते लिहितात, ते तर विचारूच नका, मी म्हटलं वाचू नकोस, ती वाचतच राहायची, आणि एका संध्याकाळी वाचता वाचता थांबली. मला वाटलं आणखी काही घाण असेल. तर कुणीतरी आपलं पूर्ण नाव घालून लिहिलं होतं, मी हिची आई, देगूला राहते. माझी मुलगी लंडनला शिकत नाही, तिथे तिचा संसार आहे. शिव्या द्यायच्या तर मला द्या.

सत्तरी ओलांडलेली बाई, साइटवर खातं कसं उघडायचं हे शिकायला तिला दोन आठवडे लागले, हे नंतर कळलं, ते जमेपर्यंत लेकीशी बोलायचं नाही म्हणून फोन नव्हता. मी म्हटलं, लाव फोन, मला बोलायचंय. बोलणार काय, तिला माझी भाषा नाही, मला तिची नाही, दोघी नुसत्या रडलो, मग तीच आधी हसली.

आता देवाच्या दयेनं सगळं ठीक आहे, अगदी सगळं नाही, वाण न घेतलेली बाई अजून बोलत नाही. पण मेमध्ये तिकीट काढलंय. मंडळात सगळ्यांना सांगून ठेवलंय मी, विहीण येतेय माझी.