थोरले होझिया, धाकटे होझिया

सन्माननीय अध्यक्ष रेव्हरंड कल्पेपर, व्यासपीठावरचे काउंटी कमिशनर, वाचनालयाची सगळी मंडळी, आज ज्यांना जड मनाने निरोप द्यायचाय त्या मिस आयडेला स्ट्राउड, आणि मागच्या टेबलावरच्या गरमागरम, गोड पीच कॉबलरकडे डोळे लावून बसलेल्या टर्नबो काउंटीच्या माझ्या बंधुभगिनींनो!

कॉबलर कुठे पळून जात नाही. पाच मिनिटं द्या या होरेस टार्पलीला.

एकतीस वर्षं मिस आयडेलांनी आपल्या घराण्यांचे कागद सांभाळले. घरोघरच्या बायबलांत लिहिलेले जन्म-मृत्यू, मृत्युपत्रं, झुडपांत बुडालेल्या थडग्यांवरची नावं. कुणाचे पणजोबा घोडा चोरून इथे आले, तेही त्यांना ठाऊक. पण तोंडातून अवाक्षर नाही! कमिशनरसाहेब, खाली का बघताय? मी नाव घेतलं का?

तर माझी गोष्ट. सत्तेचाळिसाव्या वर्षी माझं लग्न जमलं, व्हर्लीन बॅगवेलशी. तिच्या आईने अट घातली, "आधी आयडेलाकडून वंशावळ काढून आण." मी शीळ घालत गेलो. निघालं काय? मी होझिया टार्पली थोरले यांचा पणतू, आणि व्हर्लीनची आई होझिया टार्पली धाकटे यांची नात. थोरले बाप, धाकटे लेक, म्हणजे तिची आई आणि मी, दोघंही थोरल्यांचीच पतवंडं. झालं! व्हर्लीनची आई म्हणाली, "जावई म्हणून आलास आणि माझाच भाऊ निघालास की रे! चल, ऊठ."

आज हसतोय. तेव्हा फार रडलो, मंडळी. सहा वर्षं रविवारी चर्चमध्ये व्हर्लीन दिसायची, आणि प्रार्थनेतसुद्धा माझे डोळे मिटायचे नाहीत.

मग एका रविवारी भर प्रवचनात मिस आयडेला उभ्या राहिल्या. "रेव्हरंड, जरा थांबा. मी चुकले. पूर्वी काउंटीत एका नावाची दोन माणसं असली, की वयाने मोठा तो थोरला, लहान तो धाकटा, एवढंच लिहीत. ते दोघे होझिया बापलेक नव्हतेच. धाकट्याच्या खऱ्या बापाचं मृत्युपत्र काल सापडलं, व्हर्जिनियातलं. आपले थोरले कॅरोलायनाचे. काडीचं नातं नाही. होरेस, व्हर्लीन, तुमची सहा वर्षं माझ्यामुळे फुकट गेली. मला माफ करा."

व्हर्लीन ताडकन उठली. "माफीचं नंतर बघू. आई, आता काय म्हणणं आहे तुझं?"

"माझं काय? भाऊ गेला, जावई आला. लग्नाला हॅम मी भाजते."

मला सांगा, तो कागद त्यांनी गुपचूप ठेवून दिला असता, तर कुणाला कळलं असतं? चूक झाकली गेली असती, आणि आम्ही दोघं आपापल्या घरी एकेकटे म्हातारे झालो असतो. म्हणून सांगतो, या बाईंनी लिहिलेल्या अक्षरावर आम्ही डोळे झाकून विश्वास ठेवतो.

मिस आयडेला, मनापासून आभार. मंडळी, बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर सांभाळून घ्या. फक्त एक विनंती राहिली, मिस आयडेला. दहा वर्षांपूर्वी आमच्या लग्नाची नोंद करताना तुम्ही समासात लिहिलंत, 'उशीर माझ्यामुळे.' जाण्याआधी ती ओळ खोडा.

मान हलवताय? नोंदीत खाडाखोड करत नाही म्हणता?

बरं. मग तिच्याखाली आमची एक ओळ लिहून घ्या: 'झाला खरा, पण चालेल. होरेस आणि व्हर्लीन.'