पनाय काकूंची कड

काका, लीना, मंडळी. बोलशील का विचारलं तेव्हा नाहीच म्हणणार होतो. मंगळवारी काकू गेल्या, तेव्हापासून नीट झोप नाही. शिवाय बोलायला लागलो की मी भरकटतो, इथल्या निम्म्या लोकांना माहीत आहे. तरी उभा राहिलोय.

पनाय काकू तैवानच्या, आमिस या आदिवासी समाजातल्या. त्यांच्यात लग्न झालं की नवरा बायकोच्या घरी जातो. "तुझे काका आले, एक बॅग घेऊन," असं त्या सांगायच्या. काका म्हणायचे, "तीही हिनेच उचलली."

मी इथे अमेरिकेत, रेडमंडला, नोकरी शोधायला आलो. यांच्या बेसमेंटमध्ये दोन आठवडे राहणार होतो, दोन वर्षं राहिलो. नोकरीचं... जाऊ दे. बाहेर पाऊस, आणि काकू जमिनीवर बसून चटई विणतायत. सोनटक्क्यासारखं एक झाड असतं, त्याची वाळवलेली सोपटं त्यांची बहीण तैवानमधल्या गावाहून पाठवायची. एकदा म्हणाल्या, "रिकामा आहेस ना? बस." बसलो. सगळं शिकलो, कड सोडून.

कड म्हणजे चटईची सुटी टोकं आत वळवायची. ती म्हणे घराघराची वेगळी. काकूंच्या आईची कड फक्त काकूंना येत होती. बहीण कधी विणायला बसली नाही, लेकीला, लीनाला, वेळ नव्हता. मागच्या महिन्यात फोन आला. "चटई झाली. कड राहिलीय. ये." मी देशाच्या दुसऱ्या टोकाला, अल्फारेटाला, मित्राचं सामान हलवत होतो. म्हटलं, पुढच्या आठवड्यात. तिथून आयसेलिनला गेलो. कशाला गेलो? आता आठवतही नाही. काकूंनी परत फोन केला नाही.

ही ती चटई. काल कुणीतरी चांगल्या मनाने म्हणालं, टोकं कापू, फ्रेम करू. नको यार. काचेत ठेवली तर बसायचं कुणी?

आज सकाळी काकांनी स्वतःची चटई माझ्यापुढे टाकली. काकूंनी लग्नाच्या वेळी विणलेली. अजून तिच्यावरच झोपतात. म्हणाले, "हिची कड उसव. बघ कशी वळवलीय."

"काका, परत जमली नाही तर?"

"तर मला नवी विणून दे. आणि तोवर कुठे जाऊ नकोस."

भीती वाटतेय. पण उद्या उसवणार. लीना, तू शेजारी बस. वेळ नाही, माहीत आहे. तरी बस.

आता दोन मिनिटं शांत राहू. उभं राहून नको, काकू नेहमी खाली बसायच्या. ज्यांचे गुडघे ऐकतात त्यांनी खुर्च्या सोडा. काका, तुम्ही तुमच्या चटईवर या. आज ती अजून अख्खी आहे.