सुचिताच्या नावावर मयुरीचं रक्त

(नांदुऱ्यातली रक्ततपासणीची छोटी लॅब, सकाळचे आठ. मदिहा इथं रक्त काढते. सुचिता शाळेत शिकवते. दोघी दहावीपर्यंत एका बाकावर होत्या.)

सुचिता : ...अन् मयुरीनं सकाळपासून चहाचा घोटही घेतला नाई वं. बाहीर बसली हाये. तिचं रक्त घे अन् शिशीवर माह्यं नाव टाक. बस, एवढंच.

मदिहा : एवढंच? दहावीतही असंच म्हणे तू. एक गणित दाखव, एवढंच.

सुचिता : तू दाखवलंही होतं!

मदिहा : अन् दोघीही आपटलो. काऊन करून राह्यली हे?

सुचिता : डॉक्टर म्हणतात, रक्तातली चरबी उतरली नाई तं मुरमाच्या गोळ्या बंद. पंधरा दिवस झाले, तूप सोडलं, भजे सोडले, आईनं पुरणपोळी केली तं तीही कोरडी खाल्ली. तरी मले भरोसा नाई. मयुरी तं काडीसारखी. बहिणीच्या रक्तात काय चरबी असंन?

मदिहा : चरबी अंग पाहून नाई बसत, बाई.

सुचिता : आठ वर्षं तोंडाले स्कार्फ बांधून फिरली मी. लोकायले वाटे, उन्हासाठी बांधते. डबा खाताना भिंतीकडं तोंड करून बसे. आता कुठं गाल साफ होऊन राह्यले. सोमवारी पह्यल्यांदा उघड्या तोंडानं वर्गात गेली, तं पोट्टे म्हणतात, नव्या मॅडम आल्या! शनिवारी गॅदरिंगचं सूत्रसंचालन माह्याकडं हाये. गोळ्या बंद झाल्या तं मी त्या स्टेजवर कशी उभी राहू, सांग ना!

मदिहा : रडू नोको, यार. थांब, तुहे दोन्ही रिपोर्ट काढते. हे पाह्य. महिनाभर गोळ्या घेतल्यावरचं, पाचशे दहा.

सुचिता : माहीत हाये. गोळ्यायनं वाढते, डॉक्टरनं सांगतलं होतं.

मदिहा : हाव. अन् हे गोळ्या चालू करायच्या आधीचं. दोनशे साठ. पायजे दीडशेच्या आत. तवा तं तू एकही गोळी खाल्ली नव्हती.

सुचिता : म्हंजे काय?

मदिहा : मी काही डॉक्टर नाई. पण सुचिता... तुहे अण्णा गेले तवा किती वर्षाचे होते?

सुचिता : बेचाळीस. कापसाच्या जिनिंगवरून आले, म्हणे छातीत जळजळते. सगळे म्हणाले गॅस असंन. सोडा पाण्यात मीच ढवळला होता, मदिहा.

मदिहा : रक्त कधी तपासलं होतं त्यायचं?

सुचिता : अण्णाचं? त्यायले कधी साधी सर्दी झाली नाई. रक्त कोण तपासते!

मदिहा : अन् अंगानं कसे होते?

सुचिता : काडीसारखे. मयुरीसारखेच.

मदिहा : अशी चरबी बापाकडूनही येते पोरीयले. मुरमं झाले नसते तं तुहंही रक्त कोणी पाह्यलं नसतं. आता तिचं रक्त तुह्या नावावर गेलं अन् चांगलं निघालं, तं तू गोळ्या खात राहशीन अन् अंदर चरबी वाढत जाईन. अन् वाईट निघालं, तं तिचं दुखणं तुह्या कागदावर. तिले कधी समजणारच नाई.

सुचिता : अरे देवा. मी हा विचारच नाई केला वं.

मदिहा : डॉक्टर गोळी कमी करतीन, थांबवतीन, दुसरं काही देतीन. मुरमं परत आले तं आले. शनिवारी मी अम्मीले घेऊन पह्यल्या रांगेत बसीन. तू बोल, आम्ही टाळ्या वाजवतो.

सुचिता : स्कार्फ बांधू?

मदिहा : माईकले बांध.

सुचिता : तू सुधरायची नाई. आण तुही सुई. मीही उपाशीच हाये, पह्यले माह्यं घे... मयुरे! ये अंदर.

मयुरी : आली, ताई. नाव तुहंच सांगू ना?

सुचिता : नाई. तुहं सांग.